तळं, पाट आणि शेषरावचं खळं

“आधी वाटेले विचाराव, मंग पायाले सांगाव.”

तुळशीराम हे वाक्य दिवसातून दहादा म्हणे. नव्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवताना म्हणे, लेकीचं स्थळ पाहायला निघताना म्हणे, नवी चप्पल पायात घालतानासुद्धा म्हणे. तानुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते इतकं पाठ झालं होतं की त्यानं नुसतं तोंड उघडलं तरी ती म्हणे, “हो, विचारा वाटेले. मी तवरिक भाकरी थापतो.”

माळ्याच्या घरचा माणूस. वांगी, मेथी, कांदा, मिरची हे त्याचं जग. बीबी गावचा बाजार आणि कधीमधी लोणार, सायकलच्या मागे दोन टोपल्या बांधून तो भाजी न्यायचा. पण भाजीपेक्षा वाटेतलं काय काय पाहण्यातच त्याचा जीव अडके. लोणारच्या खाऱ्या तळ्याचं पाणी कसं लागतं हे त्यानं एकदा खाली उतरून जिभेवर घेऊन पाहिलं. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून बाटलीभर पाणी घरी आणून वांग्याच्या एका झाडाला घातलं. चार दिवसांत झाड मेलं. तुळशीराम त्या काडीपाशी उकिडवा बसला आणि समाधानानं म्हणाला, “आता ठाऊक झालं.”

“एक झाड गेलं न पन,” तानुबाई म्हणाली.

“झाड गेलं. ठाऊक झालेलं जाईन का आता?”

असा हा माणूस. महाराष्ट्राचं वेगळं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट आहे. मांडवखेडच्या वरच्या अंगाला ओढा अडवून सरकारनं तळं बांधलं. खालच्या शेतांना पाटाचं पाणी मिळालं. वरची काही शेतं पाण्याखाली गेली. तुळशीरामचा मळा वरचा होता. काळं, लोण्यासारखं रान, बापानं खणलेली विहीर, विहिरीवर मोटेचे दोन सागवानी खांब, मोटेचं पाणी पडायचं ते दगडी थारोळं. बदल्यात त्याला पाटाच्या दुसऱ्या दारापाशी, बीबीच्या वाटेला, पाटाहून चढावरची मुरमाड जमीन मिळाली. तिथं विहीर खणून, झोपडी बांधून तो राहू लागला. पाणी चढू लागलं त्या दिवशी त्यानं मोटेचं चाक काढून आणलं. खांब मात्र तसेच राहू दिले. बापानं रोवलेले खांब उपटायला हात झाला नाही.

तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं. रान गेलं ते गेलं. पण त्याच्यावर जे पाणी उभं आहे, त्याची राखण तरी आपल्या हातात असावी. तळ्याच्या काठावर चिंचेखाली चौकीदारासाठी एक खोली बांधली होती. ती रिकामी होती. तुळशीराम बाजारातून येताना तिच्या खिडकीतून आत डोकावून पाही, आणि तिथून आपलं रान नेमकं किती कदमांवर पडतं याचा अंदाज घेई.

आणि त्या माघात, एका रविवारी संध्याकाळी, ओव्हरसियर रंगराव साहेबांनी मारुतीच्या पारावर दवंडी दिली. चौकीदार नेमायचा आहे. चिठ्ठीचपाटीनं नाही, शर्यतीनं. साहेब तरुण होते, चष्मेवाले, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायची हौस होती.

“पावसाळ्यात तळं भरलं की चौकीदारानं खोलीतून निघून पाण्यातल्या बुरजापर्यंत पोहत जायचं. दार उघडायचं. मग बांधावरून सायकलनं पाटाच्या कडेनं दुसऱ्या दारापर्यंत, तेही उघडायचं. आणि तिथून शेतातल्या पायवाटेनं पळत मांडवखेडला येऊन घंटा वाजवायची. म्हणजे लोक सावध होतील. हीच आपली शर्यत. पोहणं, सायकल, पळणं. येत्या रविवारी सकाळी. जो आधी घंटा वाजवेल तो चौकीदार. आठवडाभर ज्याला वाट पाहून घ्यायची त्यानं पाहावी.”

पाच जणांनी नावं दिली. चार पंचविशीच्या आतले, पाचवा बेचाळीस वर्षांचा तुळशीराम. चौघांत इंद्रभान वरचढ. शेजारच्या गावचा पहिलवान, बावीस वर्षांचा, खांदे असे की दारातून आडवं व्हावं लागे. तो हसत म्हणाला, “मामा, तुमी कायले? थंडीचं पानी हाये.”

“पाहू न बाप्पा. तू वाट कधी पाहाले जातं?”

“वाट काय पाहाची? पानी पान्यासारखं, रस्ता रस्त्यासारखा. म्या दंड काढीन आठ दिस.”

तुळशीराम घरी आला तेव्हा तानुबाई तीन गोधड्यांखाली तापानं फणफणत होती. तिला तिजारा लागला होता. एका दिवसाआड, दुपारी सूर्य डोक्यावर आला की थंडी भरे, मग ताप, मग घाम, आणि दुसरा दिवस अगदी लख्ख. हिवतापाचा माणूस भिंतीवर तारीख लिहून गोळ्या देऊन गेला होता. पण तापाला अजून भिंतीवरचं वाचता येत नव्हतं. त्याच आठवड्यात कांद्याचं रोप लावायला आलं होतं, वांगी तोडायला आली होती, आणि पवळ्या बैलाच्या खुरात खुंट शिरल्यानं मोट बंद होती. पाणी कावडीनं घालावं लागे. लेकी दोन, दोघी सासरी.

तुळशीरामनं बोटांवर हिशेब केला. आज रविवार, तापाचा. मंगळवार, गुरुवार आणि पुढचा रविवार तापाचेच. सोमवार, बुधवार, शनिवार... “नाही, चुकलं,” गोधडीखालून आवाज आला. “शुक्करवार मोकया. शनवार तापाचा. आन् रविवार मोकया.”

“तुले तापात हिशेब जमते?”

“ताप मायाच हाये न.”

म्हणजे मोकळे दिवस तीन: सोमवार, बुधवार, शुक्रवार. वाटेचे तुकडेही तीन. तुळशीरामला हे फार आवडलं. तापानंच वेळापत्रक आखून दिल्यासारखं.

सोमवारी पहाटे कावडीच्या चाळीस खेपा टाकून तो तळ्यावर गेला. चिंचेखाली कपडे ठेवले आणि पाण्यात उतरला. पाणी असं थंड की पोटऱ्यांना दात लागल्यासारखं वाटलं. चिंच ते बुरूज, सरळ रेघ मारली तर ती नेमकी त्याच्या जुन्या मळ्यावरून जात होती. आधी मेथीचे वाफे, मग मिरची, मग विहीर. वर फक्त निळंकरडं पाणी. पण त्याच्या पोटाखालून एकेक धुरा, शेताचा एकेक बांध, सरकत होता आणि त्याला तो कळत होता.

अर्ध्यावर त्याचा हात लाकडावर आपटला. बापानं रोवलेल्या दोन खांबांपैकी एक; दुसरा केव्हाच कलून तळाला गेला होता. पाणी उतरत चाललं होतं आणि खांबाचं डोकं आता पृष्ठभागाच्या वीतभर खाली होतं, वरून काही दिसत नव्हतं. त्यानं श्वास घेतला आणि खाली गेला. डोळे उघडले. हिरव्या धुक्यात थारोळं दिसलं. त्यात मासे होते, बोटभर लांबीचे, जिथं बैल पाणी प्यायचे तिथं रांगेनं उभे. त्यानं हात पुढं केला तसे ते खांबामागं गेले आणि पुन्हा आले. तो तीनदा खाली गेला. पहिल्यांदा शर्यतीसाठी, दुसऱ्यांदा माशांसाठी, तिसऱ्यांदा कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी आला तेव्हा तानुबाई चुलीपुढं बसली होती. अंग मोकळं, चेहरा उतरलेला. तिनं सगळं ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, “आपल्या हिरीले पानी हाये का?”

तुळशीराम हसत सुटला. तीही हसली. 

“खांब आडवा येते,” तो म्हणाला. “आता वीतभर खाली हाये. रविवारलोक आखीन वर येईन. कोनी जोरानं आलं त छातीत बसन त्याच्या.”

“उपटा.”

“एकट्यानं नाही उपटत. बापानं कंबरभर गाडला.”

“मंग भोपया बांधा त्याले. दिसन.”

“बांधतो. पान्यातलं सांगाव लागते. पान्यात मानूस कोनाले विचारीन?”

मंगळवारी ताप. त्यानं कांद्याचं रोप लावलं, ताटातली कढी तानुबाईला चमच्यानं पाजली, पवळ्याच्या खुराला हळद-तेलाचं फडकं बांधलं. आणि संध्याकाळी आढ्याला टांगलेला वाळका भोपळा काढला, तोच ज्याच्या आधारानं त्याच्या लेकी विहिरीत पोहायला शिकल्या होत्या.

बुधवारी त्यानं भोपळा खांबाला बांधला आणि मग पाटाची वाट धरली. बाजारही त्याच दिवशी होता. वांगी तोडून दोन टोपल्या गच्च भरल्या होत्या. वाट पाहायची आणि भाजीही न्यायची, म्हणून तो भरल्या सायकलनंच पाटाच्या कडेनं गेला. साडेतीन मैल. कडेची वाट हातभर रुंद, एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला उतार. कुठं बाभळीचे काटे पडतात, कुठं मेंढरं उतरतात, कुठं माती भुसभुशीत आहे, सारं त्यानं पाहिलं. एका वळणावर खंड्या पक्षी पाटात सूर मारत होता. पाच वेळा मारला की किती वेळा मासा मिळतो, हे मोजायला तो थांबला. दोनदा मिळतो.

शुक्रवारी शेवटचा तुकडा. दुसऱ्या दारापासून पायवाट निघते, बोरीच्या झाडापाशी वळते आणि शेषरावच्या वावरातून मांडवखेडला लागते. तुळशीराम ती चालत गेला. बोर ओलांडली आणि थबकला. आठ दिवसांपूर्वी जिथं मोकळी कडक जमीन होती, तिथं शेणानं सारवलेलं खळं होतं. मधोमध रोवलेला तिवड्याचा खांब, त्याच्याभोवती बैल फिरत होते, ज्वारीची कणसं पायांखाली फुटत होती. एका बाजूला तुरीचं पीक आणि काटेरी कुंपण, दुसऱ्या बाजूला खोल नाला. पायवाट सरळ खळ्यात शिरत होती.

त्यानं चप्पल काढली, मग पुढं झाला. “राम राम शेषरावभाऊ. जागा चांगली धरली.”

“राम राम. ये. जमीन टणक हाये इथची. रविवारी सकायीच रास मोजतो. तू ये न.”

“रविवारी सकायी मले याच वाटेनं पयाचं हाये.”

“मंग थांबाव लागन बाप्पा,” शेषराव म्हणाला. म्हातारा, पागोट्याचा, आवाज न चढवता बोलणारा. “रास पुजाले बसलो का मोजनी सरेलोक बोलाचं नाही, ओलांडाचं नाही. आन् खयाच्या काठावर आलेलं मानूस रास पाहून माघारी फिरलं त लक्षुमीले पाठ दाखवली. माया बापाच्या वक्तापासून कोनी नाही दाखवली. मोजून झालं का सूपभर देतो, मंग जाय.”

“खयं दिसाच्या आधीच दुसऱ्या वाटेनं गेलं त?”

शेषरावनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “त मंग पाह्यलंच नाही. बोरीपासून नाल्यात उतर. काटे हायेत पन.”

तुळशीराम नाल्यात उतरला. दुपार होईपर्यंत तो तिथंच होता. कुठं पाय टेकतो, कुठं दगड हलतो, वर चढायला मुळी कोणत्या. एका खड्ड्यात साळिंदराचे दोन काटे सापडले ते त्यानं कानामागं खोचले.

शनिवारी ताप. संध्याकाळी तानुबाईला घाम सुटल्यावर तो भोपळा पाहायला तळ्यावर गेला. इंद्रभान तिथंच दंड काढत होता.

“मामा, हे भोपया कायचा?”

“खाली मायी हीर हाये. खांबाचं डोकं वर आलं. डाव्या बाजूनं जाय.”

इंद्रभान दंड थांबवून उठला. “बरं झालं सांगतलं. बस, हेच एक पाहाचं होतं. बाकी वाट त मायी पाह्यल्यावानीच हाये.”

तुळशीरामनं तोंड उघडलं. मग मिटलं. जमिनीवर विचारायला तोंड असतं, आणि इंद्रभानला तर चांगलं मोठं होतं.

रविवारी सकाळी अर्धं गाव बांधावर. रंगराव साहेबांनी शिट्टी फुंकली आणि पाच जण पाण्यात पडले. इंद्रभान म्हशीसारखा पाणी फाडत निघाला, भोपळ्याला लांबून वळसा घालून. बाकीचे तिघेही त्याच्यामागं वळसा घालत गेले. तुळशीराम एकटा सरळ गेला, भोपळ्याला खांदा घासून. आपल्याच धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसाला वळसा कशाला लागतो? बुरजाला त्याचा आणि इंद्रभानचा हात एकदमच लागला. बांधावर लोक ओरडू लागले.

पण बांधावर येऊन सायकलवर बसला आणि काहीतरी भलतंच झालं. सायकल नाचू लागली. पुढचं चाक इकडं जाई, मागचं तिकडं. तुळशीराम चकित झाला. वीस वर्षांत तो रिकाम्या सायकलवर कधी बसलाच नव्हता! नेहमी मागे दोन टोपल्या, बाजारातून परततानाही मीठ, तेल, पेंड. बुधवारी त्यानं वाटेतला काटा न् काटा पाहिला होता. पण पाहिला तो भरल्या सायकलवरून. खंड्याच्या वळणावर चाक सुटलं आणि तो सायकलसकट पाटात गेला. छातीएवढं पाणी. वरून इंद्रभान गेला, मग दुसरा, मग तिसरा. चौथा जाताना म्हणाला, “मामा, पोहनं झालं न मघाच!”

सायकल वर काढली, हँडल सरळ केलं, गुडघ्यातून रक्त येत होतं. तेवढ्यातही त्याच्या मनात आलं की दोन धोंडे मागे बांधले तर ही नीट चालेल का? धोतराचा सोगा फाडून त्यात काठावरचे दोन दगड गुंडाळले आणि त्यानं मागे बांधले. चालली. सुतासारखी चालली. दुसऱ्या दाराशी पोचला तेव्हा तिथं चार सायकली आडव्या पडल्या होत्या आणि माणूस एकही नव्हता.

तो पळाला. बोर आली. पुढं पाहायचं नाही म्हणून मान खाली घातली आणि नाल्यात उतरला. आणि तिथं, नाल्याच्या तळाशी, त्याला वरून शेषरावचा संथ आवाज ऐकू आला.

“लाभ... दोन... तीन...”

पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात; म्हणजे रास पुजून मोजणी नुकतीच लागली होती. बाकी सारं शांत. म्हणजे चौघेही वर उभे आहेत, हात जोडून, धापा दाबून. त्यानं पाय उचलला. “नऊ... दहा...” पाय तसाच राहिला. रास केवढी असेल? मागच्या साली याच वावरात वीस पायल्या झाल्या होत्या. यंदा पाटाचं पाणी होतं. त्याच्या रानावर उभं असलेलंच पाणी. त्या पाण्यानं किती पिकवलं, हे आत्ता वर कुणीतरी मोजून सांगत होतं, आणि ते न ऐकता जायचं? “सोळा... सतरा...” काट्यात उभा राहून तो ऐकत होता. चौकीदाराची खोली, चिंच, खिडकी, सारं त्या आकड्यांच्या मागे उभं होतं. “एकोनीस... वीस... एकवीस...”

मागच्या सालाला गाठून पुढं गेली.

“आता ठाऊक झालं,” तुळशीराम स्वतःशीच म्हणाला आणि सुटला.

मुळ्या धरून वर चढला तेव्हा मागून “अठ्ठावीस, सरली” असं ऐकू आलं, आणि लगेच माणसांचे पाय. मांडवखेडचा पार शंभर कदमांवर होता. त्याचे पाय बेचाळीस वर्षांचे, मागून येणारे बावीस वर्षांचे. पन्नास कदमांवर त्याला इंद्रभानचा श्वास ऐकू आला. पारावर लहानथोर उभे राहिले. तुळशीरामनं घंटेच्या दोरीवर सगळं अंग टाकलं आणि घंटा वाजली. दुसरी वाजली ती इंद्रभानच्या हातानं, पहिलीचा नाद विरायच्या आत.

दोघं पारावर बसले. इंद्रभानच्या काखोटीला टोपी होती, टोपीत ज्वारी. पळताना अर्धी सांडली होती.

“मामा,” श्वास परत आल्यावर तो म्हणाला, “तुमाले खयं ठाऊक होतं!”

“होतं.”

“भोपया बांधला. मंग खयाचं सांगतलं काऊन नाही?”

“तू विचारलं काऊन नाही?”

 राग यावा की नाही हे इंद्रभानचं ठरत नव्हतं. मग त्यानं उरलेली ज्वारी तुळशीरामच्या ओल्या उपरण्यात ओतली. “मामीले नेऊन द्या. भरडून कन्या शिजवा. तापानं तोंड कडू झालं असन.”

सायकलवरून आलेल्या रंगराव साहेबांनी खिशातून कागद काढला. नाव लिहिलं, सही घेतली. “तुळशीराम, उद्यापासून तळ्यावर या.”

“उद्या तापाचा दिस हाये साहेब. परवा येतो.”

“ताप तुम्हाला आधीच कळतो?”

“मले नाही. ताप बायकोले येते. तिचा हिशेब हाये तो, माया नाही.”

साहेबांनी आणखी काही विचारायला चष्मा वर सरकवला. पण तुळशीराम उठला होता. जिंकणाऱ्यासाठी आणलेला झेंडूचा हार साहेबांच्या हातात तसाच राहिला. एक गुडघा दुमडत नव्हता, उपरण्याची गाठ खांद्यावर, धोतर अर्धं, उरलेला सोगा दूर दुसऱ्या दारापाशी दोन धोंड्यांना बांधलेला. तो आल्या वाटेनं परत निघाला. या वेळी नाल्यानं नाही, सरळ. खळ्याच्या काठाशी पोचल्यावर तो थांबला. रास उचलून झाली होती, शेषराव गाडी भरत होता. तुळशीरामनं काहीतरी विचारलं, शेषरावनं हातानं काहीतरी दाखवलं, आणि तुळशीराम तिवड्यापाशी उकिडवा बसून, रास जिथं उभी होती त्या जमिनीकडं पाहू लागला.

पारावरून साहेब आणि इंद्रभान पाहत होते.

“काय पाहतो आहे तो?” साहेबांनी विचारलं.

“काय मालूम,” इंद्रभान म्हणाला. मग तोही उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून. “जाऊनच पाह्याव लागन.”

पण तोवर तुळशीराम उठला होता, आणि बोरीच्या झाडाआड दिसेनासा झाला.